टेबलाच्या मधोमध

ग्रीसमध्ये साध्या खानावळीत वाइन किलोनं मागवतात. अर्धा किलो पांढरी, एक किलो लाल, अशी. ती पत्र्याच्या किंवा काचेच्या चंबूत येते आणि सोबत बिनदांड्याचे छोटे पेले येतात. पाव टोपलीत येतो, पुष्कळदा काटे-चमचेही त्याच टोपलीत, कागदी रुमालांत गुंडाळलेले. टेबलावर कागदाचं आवरण असतं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कडांना चिमटे लावलेले असतात. प्रत्येकासमोर बशीपेक्षा थोडी मोठी ताटली मांडलेली असते. ती बराच वेळ रिकामी राहते, कारण तिच्यात कुणी वाढणार नसतं. जेवण येणार असतं टेबलाच्या मधोमध.

थेस्सालोनिकी शहरात कापानी बाजाराच्या मागच्या एका गल्लीत असं एक जेवणघर आहे. टेबलं मोजकीच, निम्मी आत, निम्मी बाहेर फरसबंदीवर. स्वयंपाकघरात एक बाई आणि तिचा मुलगा, बाहेर वाढायला तिचा नवरा. अशा जागेला तिथे मेझेदोपोलिओ म्हणतात, आणि जिथे द्राक्षाच्या चोथ्यापासून गाळलेली त्सिपुरो ही दारू मुख्य असते तिला त्सिपुरादिको. मेझे म्हणजे पेयासोबत खायचे छोटे छोटे पदार्थ, पण आपल्याकडच्या चखन्याशी त्यांची गल्लत करू नये. इथे हे पदार्थ हेच जेवण असतं, आणि काही न खाता नुसतं पिणं तिथल्या लोकांना मुळीच पटत नाही. वोलोस या बंदरात तर अशी रीत आहे की तुम्ही फक्त त्सिपुरोची लहानशी बाटली मागवायची. तिच्यासोबत काय खायचं ते स्वयंपाकघर ठरवतं. दुसरी बाटली मागवली की दुसरा पदार्थ येतो, तिसरीला तिसरा, आणि चांगल्या जागी प्रत्येक पुढचा पदार्थ आधीच्यापेक्षा वरचढ असतो.

आम्हाला तिथे घेऊन गेली ती माझी मैत्रीण. आम्ही दोघी जर्मनीत एकाच कचेरीत होतो. ग्रीसवर 2010च्या सुमाराला कर्जाचं संकट कोसळलं, 2013मध्ये बेकारी 27 टक्क्यांवर गेली, आणि तिच्या पिढीतले लाखो शिकलेले तरुण देश सोडून गेले. त्यांतली ती एक. पुढे ती आपल्या गावी परतली. एका वसंतात माझी आई भंडाऱ्याहून माझ्याकडे आली होती, तेव्हा आम्ही मायलेकी तिच्याकडे गेलो. जेवायला ती, तिचे वडील, तिची मावशी, मावशीचा मुलगा आणि आम्ही दोघी. शनिवारची दुपार होती आणि ईस्टरच्या आधीचा मोठा उपास चालू होता.

अशा टेबलावर मागवण्याचं काम एकच माणूस करतो. आमच्या टेबलावर ते तिच्या वडिलांकडे होतं. त्यांनी यादी हातात घेतलीच नाही. "आज काय आहे?" एवढंच विचारलं आणि मालक उभ्याउभ्या सांगत गेला. सहा-सात पदार्थ झाल्यावर मालकच म्हणाला, आता थांबा, एवढ्यानं भागेल, कमी पडलं तर मी आहेच. जेवणघराचा मालक गिऱ्हाइकाला कमी मागवा म्हणून सांगतो, हे मला फार आवडलं. तो धंदा करत होता, पण त्या टेबलावर अन्न वाया जाऊ नये याची काळजी त्यालाही होती.

मग पदार्थ येऊ लागले, जसे तयार होतील तसे. आधी ऑलिव्ह आणि भाजून कुस्करलेल्या वांग्याचं सॅलड, त्यात लसूण, तेल, लिंबू. मग उकडलेला रानपाला, त्याला ते होर्ता म्हणतात. ऋतूप्रमाणे त्यातला पाला बदलतो. आमच्या वाट्याला रानचिकोरी आली होती, कडसर, वर नुसतं तेल आणि लिंबू. आई तरोट्याच्या भाजीवर वाढलेली बाई. तिनं पहिल्या घासाला मान डोलावली. मग टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे. हे घेवडे प्रेस्पा सरोवराच्या काठचे नावाजलेले, अंगठ्याच्या पेराहून मोठे, आणि साल न फुटता आत लोण्यासारखे मऊ. कोळशावर भाजलेला ऑक्टोपस. थेस्सालोनिकीजवळच्या आखातात शिंपल्यांची शेती होते, तिथल्या शिंपल्यांचा भात. आणि बुयुर्दी: फेटा चीज, टोमॅटो आणि तिखट मिरची मातीच्या भांड्यात भट्टीत घालून केलेला त्या शहराचा खास प्रकार, बुडबुडे येत असतानाच टेबलावर ठेवतात.

यातलं काहीही कुणा एकाचं नव्हतं.

आपल्याकडच्या ताटाची मला त्या वेळी आठवण येणं साहजिक होतं. आपलं ताट म्हणजे आधीच झालेली वाटणी. मीठ-लिंबू वर मध्यभागी, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मध्ये भात. पाट मांडण्याच्या आधी प्रत्येकाचा वाटा ठरलेला. त्यात एक न्याय आहे, आणि पाहुण्याला संकोच वाटू नये याची सोयही आहे, कारण हात लांबवून काही घ्यावं लागत नाही. पण ताटाला वाढणारं माणूस लागतं. ते माणूस जेवणाऱ्यांत नसतं. आमच्या घरी ते माणूस नेहमी आई असायची. पुरुष आणि मुलं जेवून उठल्यावर ती आणि काकू बसत, पातेल्यात उरलं असेल ते पुढ्यात घेऊन. त्या दुपारी पंधरा-वीस मिनिटं गेल्यावर आई मला हळूच म्हणाली, "इथं सगळे एकदमच बसतात. वाढाले कोणीच उठत नाही." त्यात तक्रार नव्हती. तिनं एक गोष्ट पाहिली आणि सांगितली. पण मी ते वाक्य अजून विसरलेले नाही.

मधोमध ठेवलेल्या ताटलीतून खाण्याचे काही न सांगितलेले नियम असतात, ते बसूनच कळतात. एका वेळी थोडंच घ्यायचं. आपल्या बाजूनं घ्यायचं. लांब बसलेल्याला पोचत नसेल तर ताटली त्याच्याकडे सरकवायची. कुणी बोलत असेल तर त्याच्यासाठी थांबायचं, कारण बोलणाऱ्याचं खाणं मागे पडतं. शेवटचा तुकडा कुणीच उचलत नाही, मग कुणीतरी त्याचे दोन करतो, अर्धा स्वतः घेतो आणि अर्धा शेजाऱ्याला देतो. सॅलड संपलं की तळाला तेल, टोमॅटोचा रस आणि ओरेगानो उरतो, त्यात पाव बुडवून खातात, आणि तो पाव मात्र सगळे आनंदानं लुटतात. या सगळ्यासाठी दुसऱ्याकडे सतत लक्ष ठेवावं लागतं. माझ्या ताटात वाढलेलं मी मान खाली घालून जेवू शकते. मधोमध ठेवलेलं जेवण मान वर केल्याशिवाय जेवताच येत नाही.

आता आईची अडचण. ती माळकरी. मांस-मासे-अंडी नाही, आणि ज्या चमच्यानं कुणी ऑक्टोपस उचलला तो चमचा वांग्याच्या सॅलडात गेला तर ते सॅलड तिच्या दृष्टीनं संपलं. त्यात उष्ट्याचा संकोच वेगळाच. ती ताटलीच्या कडेनं पहिला घास घ्यायची आणि इतरांचे काटे तिकडे वळले की थांबायची. मी काही बोलायच्या आधी मावशीच्या ते लक्षात आलं. ती भाचीला म्हणाली, विचार तिला, तिचाही उपास आहे का.

इथून पुढचा अर्धा तास दोन बायकांचा होता. आम्ही दोघी मैत्रिणी नुसत्या दुभाषी.

मावशीचा उपास ऑर्थोडॉक्स चर्चच्या रीतीचा. त्यात मांस नाही, दूध-दही-लोणी-चीज नाही, अंडी नाहीत, आणि ठरलेले एक-दोन सण सोडले तर मासेही नाहीत. पण ऑक्टोपस, माकूळ, शिंपले चालतात. ज्या प्राण्यांना रक्त नाही असं मानलं गेलं ते उपासाला चालतात, असा तो जुना दंडक. कडक पाळणारे इतर दिवशी तेलही वर्ज्य करतात, शनिवार-रविवारी मात्र तेल आणि वाइनची मुभा असते. शिवाय वर्षभर बुधवार आणि शुक्रवार आहेतच. सगळे मिळून वर्षाचे 180च्या वर दिवस उपासाचे. आईनं हे सगळं नीट ऐकून घेतलं. एकादशी, सोमवार, चातुर्मास असं तिनं आपलं सांगितलं. मग तिला राहवेना. "दूध चालत नाही अन् हा आठ पायाचा चालते?" मावशीला हे भाषांतर करून सांगितल्यावर ती खूप हसली आणि तिनं उलट विचारलं की उपासाला बटाटा आणि तळलेले शेंगदाणे चालत असतील तर तुमच्या पोटाला उपास कळतो कसा. आईकडे याचं उत्तर होतं, पण ते लांब होतं आणि त्यात विठ्ठल होता. मैत्रिणीनं जमेल तेवढं ते ग्रीकमध्ये नेलं.

गंमत अशी की दोघींच्या चालण्या-न चालण्याची वर्तुळं एकमेकींवर पूर्ण बसत नव्हती. फेटा आईला चालत होतं, मावशीला नाही. ऑक्टोपस मावशीला चालत होता, आईला नाही. दोघींना चालणारे पदार्थ म्हणजे घेवडे, रानपाला, वांगं, ऑलिव्ह, पाव आणि अजून न आलेली फावा. मावशीनं मालकाला हाक मारून जास्तीचे चमचे मागवले. दोघींना चालणाऱ्या ताटल्या टेबलाच्या त्यांच्या टोकाला ओढल्या, प्रत्येकीत एकेक चमचा ठेवला आणि बाकीच्यांना सांगितलं की या ताटल्यांत काटा घालायचा नाही, चमच्यानं आपल्या ताटलीत घ्यायचं. सगळ्यांनी ते मुकाट्यानं मानलं. मैत्रिणीच्या वडिलांनी तर वाइन ओततानासुद्धा त्या टोकावरून हात नेला नाही. उपास करणाऱ्या माणसाला जागा करून द्यायची त्या टेबलाला सवय होती. आणि आईनं त्या दुपारी पहिल्यांदा पोटभर, न थांबता खाल्लं.

फावा आली तेव्हा आई एकदम गप्प झाली. पिवळी डाळ शिजवून, घोटून, वर कच्चा कांदा, केपरच्या कळ्या आणि ऑलिव्हचं तेल. तिनं चमच्याच्या टोकावर घेऊन चाखली. "लाखोळी हाय ना हे?"

मी नाही म्हणणार होते. पण मैत्रिणीच्या मावसभावानं, जो शेतीशास्त्र शिकलेला आहे, सांगितलं की सांतोरिनी बेटावरची खरी फावा ही वाटाण्याची किंवा बाकल्याची डाळ नसते. तिचं झाड लॅथिरस क्लायमेनम. आपली लाखोळी म्हणजे लॅथिरस सटायव्हस. एकाच कुळातल्या, सख्ख्या म्हणाव्या अशा बहिणी. सांतोरिनीवर अक्रोतिरी इथं ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं कांस्ययुगातलं गाव सापडलं, तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या रांजणांत याच डाळीचे दाणे मिळाले. आज तिला युरोपीय संघाच्या संरक्षित नावाचा मान आहे आणि दुकानात ती भारी भावानं विकली जाते.

आमच्या भंडारा-गोंदियाकडे लाखोळीची गोष्ट वेगळी झाली. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत ती फेकायची, पाणी नको, खत नको, मशागत नको, तरी पीक येतं. दुष्काळात दुसरं काही नसलं तरी ती असते. म्हणून ती गरिबाची डाळ. तिच्यात एक विषारी द्रव्य असतं, आणि महिनोन् महिने फक्त तिच्यावरच जगावं लागलं तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. असे लुळे पडले ते मजुरीच्या बदल्यात हीच डाळ मिळणारे शेतमजूर. 1961मध्ये बहुतेक राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आली. आमच्या घरी ती लपून नव्हे, पण न बोलता शिजायची, आणि पाहुण्यांपुढे कधी ठेवली जायची नाही. आई इथे तिच्याच बहिणीला टेबलाच्या मधोमध, पाहुण्यांसमोर, मानानं बसलेली पाहत होती. तिनं ती ताटली जवळजवळ एकटीनं संपवली, आणि मावशीनं दुसरी मागवली.

पाहुण्यांपुढे काय ठेवायचं आणि काय नाही, यावरून मावशी आपल्या आजीबद्दल बोलू लागली. आजी स्मिर्नाजवळची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरजवळची. 1922च्या सप्टेंबरात स्मिर्ना जळलं आणि ती हातात येईल ते घेऊन बोटीवर चढली. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ठरलं की ग्रीस आणि तुर्कस्ताननं आपापल्या लोकांची अदलाबदल करायची, आणि लोक ओळखायचे ते भाषेवरून नव्हे, धर्मावरून. साधारण 12 लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. ग्रीसची तेव्हाची वस्ती 50 लाखांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ दर चार माणसांमागे एक नवा माणूस दारात उभा. आलेल्यांतल्या कित्येकांना ग्रीक धड येत नव्हतं.

त्यांचं स्वागत कसं झालं हे मावशीनं आवाज न चढवता सांगितलं. त्यांना 'तुर्कांचं बी' म्हणत. आणखी एक शिवी होती, 'दह्यानं बाप्तिस्मा झालेले', कारण ते प्रत्येक गोष्टीत दही घालत. त्यांच्या स्वयंपाकाचा वास, त्यांचं जिरं, त्यांची दालचिनी, त्यांचं खिम्यात वाइन आणि लसूण घालून लांबट मुटके करणं, हे सगळं इथल्या शेजाऱ्यांना परकं वाटे. आजी बाहेरच्या चुलीवर रांधायची आणि कुणी येताना दिसलं की झाकण ठेवायची.

आज ते मुटके, सुझुकाक्या, देशातल्या प्रत्येक खानावळीत मिळतात आणि यादीत त्यांच्या नावापुढे अभिमानानं 'स्मिर्नाचे' असं लिहिलेलं असतं. वोलोसची ती बाटलीमागे एक पदार्थ देण्याची रीतही याच निर्वासितांनी रुजवली असं मानतात. ज्यांच्या दह्याची टवाळी झाली त्यांच्याच हाताची चव आता शहराची चव आहे. जग ज्याला ग्रीक जेवण म्हणून ओळखतं त्यातला कितीतरी भाग त्या बोटींतून उतरला.

मला वाटतं, मधोमध ठेवलेल्या ताटलीकडे पाहताना हे विसरू नये. ती आपोआप सगळ्यांची होत नाही. आधी तिच्याभोवती कोण बसू शकतं हे ठरावं लागतं, आणि ते ठरायला कधी कधी दोन-तीन पिढ्या जातात.

आपल्याकडे ते ठरवण्यासाठी किती झगडावं लागलं आहे! 1849मध्ये दादोबा पांडुरंगांनी मुंबईत परमहंस सभा काढली. जातिभेद मानायचा नाही हा तिचा निश्चय, आणि सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती बेकऱ्यानं भाजलेला पाव सगळ्यांसमोर खावा लागे. एवढ्या एका घासासाठी ती सभा गुप्त ठेवावी लागली. 1860मध्ये सभासदांच्या नावांचे कागद चोरीला गेले, नावं फुटली आणि सभा मोडली. त्यानंतर 30 वर्षांनी, 1890मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. टिळक आणि रानडे दोघेही त्यांत होते. त्यावरून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, लोकांना प्रायश्चित्तं घ्यावी लागली. कपभर चहासाठी! आणि हे सगळे शिकलेले, उच्चवर्णीय पुरुष. ज्यांना त्या घराच्या ओसरीवरही येऊ दिलं जात नव्हतं त्यांना काय सोसावं लागलं असेल ते 1927च्या महाडनं जगाला सांगितलं. तिथे प्रश्न अन्नाचासुद्धा नव्हता, तळ्यातल्या पाण्याचा होता.

आमच्या गावात मी लहान असताना लग्नाच्या जेवणात शेवटची पंगत कुणाची, हे कुणी सांगायची गरज नसायची. ते लोक आपली ताटं घरून आणत. मी ते पाहिलं आहे. आईनंही पाहिलं आहे, वाढलंही आहे. म्हणून आईच्या उष्ट्याच्या संकोचाकडे मी नुसती सवय म्हणून पाहू शकत नाही. तिच्यापुरता तो माळेचा, भक्तीचा आणि स्वच्छतेचा प्रश्न आहे, हे मला माहीत आहे, आणि त्या टेबलानं तो आदरानं सोडवला. पण त्या संकोचाच्या मुळाशी कोणाच्या हाताचं आणि कोणासोबत नाही हा जुना हिशेब आहेच. भक्ती ठेवून तो हिशेब तेवढा टाकून द्यायचा, असं करता येतं. चमचे वेगळे ठेवूनही एकाच टेबलाला बसता येतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं.

थेस्सालोनिकीच्या टेबलांवर एक जागा मात्र रिकामी आहे, आणि ती भरून येणारी नाही. 1492मध्ये स्पेननं हाकललेले ज्यू तेव्हाच्या उस्मानी राज्यातल्या या बंदरात आले आणि पुढची चार शतकं हे शहर त्यांचं होतं. गोदीतले हमाल ज्यू, छापखानेवाले ज्यू, आणि शनिवारी बंदर बंद. कापानीच्या शेजारची काचेच्या छताची मोदियानो मंडई एली मोदियानो या ज्यू वास्तुविशारदानं बांधली, 1917च्या मोठ्या आगीनंतर शहर पुन्हा उभं राहत होतं त्या काळात. 1943च्या मार्चमध्ये इथून नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीकडे पहिली गाडी सुटली. ऑगस्टपर्यंत 40 हजारांहून अधिक माणसं नेली गेली आणि त्यांतली जवळजवळ सगळी मारली गेली. मोदियानो मंडई दुरुस्त होऊन 2022मध्ये पुन्हा उघडली. आम्ही जेवायच्या आधी तिच्यातून चालत आलो होतो. ऑलिव्हचे ढीग, लोणच्याचे पिंप, वारुणीचे पेले, गर्दी. मंडईच्या दारावर नाव आहे. ज्यांच्या स्वयंपाकघरांसाठी ती बांधली होती ती घरं नाहीत. त्या शहरात जेवताना हेही घशाखाली उतरवावं लागतं.

पुण्या-मुंबईत अलीकडे 'वाटून खायच्या छोट्या प्लेट्स' अशी खास रेस्टॉरंट्स निघाली आहेत. मी गेले आहे. पदार्थ चांगले असतात, पण चार माणसांसाठी तीन तुकडे येतात, आणि तासा-दीड तासात पुढच्या गिऱ्हाइकासाठी टेबल हवं असतं. मला हे मनापासून खटकतं. छोट्या ताटल्यांना वेळ लागतो. वेळ काढून घेतला की उरतो तो फक्त छोटा आणि महाग पदार्थ. त्या गल्लीत आम्ही दुपारी दोनला बसलो आणि उठलो तेव्हा दिवे लागले होते. मध्ये एकदा मालकाची बायको पदराला, म्हणजे ॲप्रनला, हात पुसत बाहेर आली आणि शेजारच्या खुर्चीवर बसून मावशीशी आपल्या गुडघ्याबद्दल बोलून गेली. बिल मागितल्याशिवाय आणायचं नाही ही तिथली रीत, कारण न मागता बिल ठेवणं म्हणजे उठा म्हणणं. मागायच्या आधी आला तो रव्याचा हलवा, दालचिनी भुरभुरलेला, घराकडून, त्याचे पैसे नसतात. दूध नाही, लोणी नाही, म्हणून मावशीलाही चालणारा. आईलाही.

बिलावरून जे व्हायचं ते झालं. आई म्हणाली आपण द्यायचं. मावशी म्हणाली प्रश्नच नाही. दोघी आपापल्या भाषेत आणि एकमेकींचा हात धरून भांडत होत्या तोपर्यंत मैत्रिणीचे वडील आत जाऊन पैसे देऊन आले होते. मालक कुणाकडून घ्यायचे आणि कुणाकडून नाही हे पहिल्यापासून जाणून होता.

मग ठरलं की पुढची पाळी आमची, आणि ती भंडाऱ्याला. मावशी आणि मैत्रीण नोव्हेंबरअखेर येणार आहेत. तेव्हा मावशीचा नाताळच्या आधीचा 40 दिवसांचा उपास चालू असेल, त्यामुळे दूध, दही, तूप काहीच नाही. आईची यादी आत्तापासून फोनवर चालू आहे. भरीत, पण दह्याशिवाय. झुणका चालेल. जवसाची चटणी चालेल. ज्वारीच्या भाकरीला तर काहीच आड येत नाही. तोवर बांधीत लाखोळी हातभर झाली असेल, तिचा कोवळा पाला खुडून भाजी, आणि मागच्या सालची डाळ घरात आहे तिचे वडे. पाट मांडायचे नाहीत, सतरंजीवर मध्ये सगळं ठेवायचं आणि सगळ्यांनी एकदम बसायचं, हे आईनंच सांगितलं. काकूला आणि शेतावरच्या बाईलाही त्याच सतरंजीवर बसवायचं, हे मी सांगितलं, त्यावर ती क्षणभर थांबून "बसतीन ना" म्हणाली. गोडाचं काय, हा प्रश्न अडला होता, कारण तूप-दुधाशिवाय आईला काही सुचेना. मावशीनं कळवलंय की हलवा ती स्वतः करेल. एक वाटी तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी, हे प्रमाण तिनं आजीकडून घेतलेलं. तेल ती तिकडून घेऊन येणार आहे. रवा जाड आणून ठेवायचा की बारीक, तेवढं विचारायचं राहिलं आहे.